शब्दाचं कूळ काढणारे तात्या

आमचे शेजारी तात्या इंग्रजी डिक्शनरी उघडण्याआधी हातपाय धुवायचे. सोवळं तेवढं नेसत नसत, हे आमचं नशीब! डिक्शनरी धोतराच्या फडक्यात बांधलेली. गाठ सोडायची, चष्मा पुसायचा, मग पान उलटायचं. तोवर विचारणाऱ्याला आपण काय विचारलं होतं तेही आठवत नसे.

तात्या रेल्वेत तारमास्तर होते. नोकरी संपल्यावर लोणावळ्यातच दोन खोल्या घेऊन एकटे राहिले. मी शाळामास्तर, भिंतीपलीकडे. सगळ्या मावळातून कुणाला इंग्रजी कागद आला की तो तात्यांच्या ओट्यावर यायचा. तात्या वाचून द्यायचे, पण आधी शब्दाची वंशावळ. "मास्तर, आधी कूळ विचारावं, मग शब्दाला घरात घ्यावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जसं काही मुलगीच द्यायची आहे!

त्यातून खालावण्याच्या, झिजण्याच्या शब्दांवर त्यांचा फार लोभ. चढत्या शब्दांकडे ढुंकून बघायचे नाहीत. एकदा माझी दाढ ठणकत होती. गालाला हात लावून मी म्हणालो, "डिके झालाय." तात्यांनी मला तसंच उभं ठेवलं. "डिके म्हणजे मुळात गळून पडणं. ल्याटिन शब्द आहे. तुमची दाढ पडलीय का? नाही ना? मग हा शब्द तुम्हाला लागू नाही." दाढ माझी, आणि हक्क यांचा!

कोपऱ्यावरच्या चिक्कीवाल्याला मुंबईच्या व्यापाऱ्यानं लिहिलं की तुमचा माल 'डिटीरिओरेट' होतोय. तात्या म्हणाले, "याचं मूळ 'अधिक वाईट'. म्हणजे तुझी चिक्की आधीही वाईटच होती, आता अधिक वाईट झाली." चिक्कीवाला तीन महिने त्यांच्याशी बोलला नाही. तात्यांना त्याचं काही नाही. आपण कूळ बरोबर सांगितलं, एवढ्यावर माणूस खूश.

मला चीड यायची. अहो, समोरचा जीव मुठीत धरून बसलेला असतो! वाड्यांवर तार आली की आधी रडून घ्यायची रीत, वाचणारा माणूस मग शोधायचा. लोहगडवाडीत एकदा दिवसभर चूल पेटली नाही, आणि तारेत निघालं काय, तर नातू झाला.

त्याच वाडीचा धोंडिबा एका दुपारी तार घेऊन आला. घामानं निथळत होता. मुलगी मुंबईला, जावई गिरणीत. बाळंतपणानंतर ती दवाखान्यात पडून आहे, एवढं आम्हाला माहीत होतं.

"तात्या, वाचा की. घरी समदी रडत्यात."

तात्या आत हातपाय धुवायला गेले. आता अर्धा तास गेला, म्हणून मीच तार उघडली. 'डॉटर डिक्लायनिंग, कम.' मी आपला शहाणा! म्हणालो, "धोंडिबा, घाबरू नकोस. तब्येत हळूहळू खालावतेय, असं लिहिलंय. तुला बोलावलंय."

धोंडिबा ओट्यावर टेकला. डोळे पुसत म्हणाला, "हळूहळू व्हय? मंग हाय जीव. द्येवा! भात कापून पडलाय, तेवढा झोडतो न् परवा निघतो."

"परवा?" तात्या दारात उभे होते. पाय ओले, हातात पंचा. "मास्तर, तोंड बंद ठेवा! हळूहळू कुठं लिहिलंय? दाखवा मला. कुठं लिहिलंय?"

एवढा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी धोंडिबाच्या दंडाला धरून उठवलं. "भात जाऊ दे खड्ड्यात. ही गाडी पकड." आणि म्हातारा त्याला ओढत स्टेशनाकडे पळत सुटला. मी मागून. गाडीत बसवलं, खिडकीतून दोनदा बजावलं, "वाटेत कुठं उतरू नकोस."

गाडी घाटाकडे लागली तसे तात्या बाकावर बसले.

"माझी बायको सातारला माहेरी आजारी होती," ते म्हणाले. "तार माझ्याच हाताखाली आली. अक्षर न् अक्षर मी उतरवून घेतलं. हाच शब्द. तेव्हा मला इंग्रजी बेताचं. डिक्शनरी उघडली. हळूहळू खालावणं, असं दिलं होतं. मंगळवार होता. बदली माणूस शनिवारी यायचा होता. म्हटलं, हळूहळू म्हणजे शनिवारपर्यंत दम आहे." हातातला पंचा खांद्यावर टाकत म्हणाले, "मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. त्यानंतर किती पुस्तकं धुंडाळली, मास्तर! त्या शब्दाच्या कुळात हळूहळू नाहीच. नुसतं कलणं आहे. किती वेळ लागेल ते कुणीच लिहिलेलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाची मी भिंतीपलीकडून रोज टिंगल करायचो.

आठ दिवसांनी धोंडिबा आला. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे खोल गेलेले. आम्ही समजलो. तात्यांनी त्याला जवळ बसवलं.

"भेट झाली?"

"झाली जी. सांजच्याला पोचलो. तांबडं फुटायच्या आधी गेली."

"बोलली?"

"व्हय. म्हनली, आबा, दमला आसाल. बसा हितं."

"मग?"

"मंग काय न्हाई. माजा हात धरून निजली."

तात्या खाली वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "काय म्हणाली? पुन्हा एकदा सांग."