इंजिनासाठी केलेली चौकशी

तातेराव बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसाची बैलगाडी काट्यावर चढायच्या आधीच, नुसत्या बैलांच्या चालीवरून ते वजन सांगत आणि काटा नंतर त्यांच्या म्हणण्याला दुजोरा देत असे, असं निदान ते स्वतः सांगायचे. निवृत्त होऊन अंबडला राहायला आले तरी सवय गेली नाही. माणूस समोर आला की त्याला वरून खालपर्यंत बघायचं आणि मनात आकडा टाकायचा. त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता. म्हणजे चुकला असेल, पण त्यांनी तो चुकला असं कधी मान्य केलं नव्हतं.

अशाच अंदाजानं त्यांनी कारखान्याच्या जुन्या डॉक्टरांची हेराल्ड मोटार घेतली. तिचं छत कापलं, मागची सीट काढली, पुढं बुटकी काच बसवली आणि लालभडक रंग देऊन तिची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्‌स गाडी करून घेतली. पत्रा झाला, रंग झाला, आणि मग कळलं की इंजिन जाम आहे. तेव्हापासून गाडी अंगणात उभी होती आणि बायको बेबीनंदा तिच्या बॉनेटवर चादर टाकून पापड वाळत घालत होती.

"मिरगाच्या आत ही जागची हालली न्हाई तं भंगारवाल्याला देऊन टाकीन," बेबीनंदानं बजावलं. "घरात सत्तावीस वर्षांची पोर हाय, बँकेत ऑफिसर हाय, तिच्यासाठी कुठं एक चौकशी न्हाई. आन् डबड्यासाठी मेकॅनिक हुडकून राह्यले!"

"मेकॅनिक पैशाला पासरी हायेत," तातेराव म्हणाले. "मला भरवशाचा पाहिजे. अस्सल."

त्यांचंही खरं होतं. एक मेकॅनिक हे इंजिन फेकून टेम्पोचं डिझेल इंजिन टाका म्हणाला होता. दुसऱ्यानं इंजिन उघडून परत बसवलं तेव्हा चार बोल्ट उरले, तर म्हणतो, "कंपनी जास्तीचेच देते." तातेरावांनी त्या दोघांची नावंच टाकली. शेवटी जालन्याच्या एका पार्टवाल्यानं राजूरच्या भारतचं नाव सुचवलं. जुन्या इंजिनांत हात बसलेला आणि शब्दाचा पक्का, एवढंच तो म्हणाला.

मंगळवारी तातेराव राजूरला गेले. गॅरेज शेवटी बघायचं, आधी चौकशी, हा त्यांचा नियम. एसटीतून उतरले ते थेट चहाच्या हॉटेलात.

"हा भारत मेकॅनिक, पितो का?"

"चहा? रोज चार-पाच होतात."

"चहा न्हाई हो."

"छे छे! बिलकुल न्हाई."

पिणाऱ्याचा हात बेअरिंग बसवताना थरथरतो, हे त्यामागचं गणित. मग कटिंगच्या दुकानात त्यांनी भारतच्या रागाची चौकशी केली, कारण तापट माणूस बोल्ट जास्त आवळतो. शेवटी गणपतीच्या देवळापाशी हार-नारळ विकणाऱ्या चांगुणाबाईसमोर त्यांनी बैठकच मारली. तो आईशी कसा बोलतो? (आईला फसवणारा गिऱ्हाइकाला काय सोडणार!) जमीन किती? विहिरीला पाणी किती? (पोटभर खाणाऱ्या घरचा माणूस गाडीतले पार्ट बदलत नाही.)

चांगुणाबाईनं हार ओवता ओवता मान वर केली. "पाच एकर हाय. पाणी बारमाही. पन पाव्हणं, काहून इचारून राह्यले?"

"इंजिनाचं काम द्यायचं हाय त्याला."

चांगुणाबाई गालात हसली. इंजिनाचं काम देणारा माणूस विहिरीचं पाणी विचारत नाही, एवढं न कळायला तिनं काय उन्हात केस पांढरे केले होते? "बरं बरं," ती म्हणाली. "लेकरं किती तुम्हाला?"

"एकच पोरगी. अक्षता. जालन्याला बँकेत ऑफिसर!" तातेराव खोटं बोलत नसत, आणि लेकीचा विषय निघाला की थांबतही नसत. अक्षताचं शिक्षण, स्वभाव, हातची शेवभाजी, सगळं सांगूनच ते उठले.

ते गॅरेजवर पोचेपर्यंत बातमी कधीच पोचली होती. भारत हात घासूनपुसून, धुतलेला शर्ट घालून खाली मान घालून बसलेला. त्याची आई साळूबाई पोह्यांची बशी घेऊन उभी. गिऱ्हाइकाची एवढी इज्जत तातेरावांनी जन्मात कुठल्या गॅरेजात पाहिली नव्हती. त्यांनी पोहे खाल्ले, भारतला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "रविवारी अंबडला घरी या. गाडी बघा, मंग पुढचं ठरवू."

"येतो की," साळूबाई म्हणाली. "चार माणसं घेऊन येतो."

"या, या. उचलायला माणसं लागतीलच."

साळूबाईला हे शेवटचं काही उमगलं नाही, पण होणाऱ्या व्याह्याला पहिल्याच दिवशी काय विचारायचं म्हणून तिनं बशीत आणखी पोहे वाढले.

रविवारी दारात जीप थांबली आणि तिच्यातून अकरा माणसं उतरली. तातेराव ओट्यावरून मोजत होते. "चार पुरे होते, पण अकरा आणलेत. याला म्हणतात कामाचा माणूस!" मग त्या अकरांतच काठपदराच्या साड्या नेसलेल्या तीन बायका आणि पेढ्यांचा पुडा धरलेले एक मामा दिसले, तेव्हा मात्र ते जरा विचारात पडले.

बेबीनंदानं एका नजरेत सगळं ओळखलं. "अक्षे, आवर जल्दी!" असं आत ओरडून ती नवऱ्यापाशी आली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण असं कौतुकानं तिनं त्यांच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. "सांगायचं तरी मला! आन् मी तुम्हाला काय काय बोलत व्हते."

कौतुक कशाचं चाललंय हे तातेरावांना ठाऊक नव्हतं, पण आलेलं कौतुक परत करणाऱ्यातले ते नव्हते. "माणसानं बोलू नये, काम करावं," ते म्हणाले.

भारत मात्र सरळ गाडीपाशी गेला. बॉनेट उघडलं, प्लग काढले, बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं, पुली धरून जोर लावला. अर्धा तास त्यानं कुणाकडं मान वर करून पाहिलं नाही. मग म्हणाला, "काका, पिस्टन चिकटलेत. क्रँक मात्र ठणठणीत हाय, तो कोणी बदला म्हणलं तं बदलू नका. आन् राग मानू नका, छत कापून तुम्ही चूक केली. खालून पट्टी मारावी लागल, न्हाई तं गाडी मधात वाकंल."

तातेरावांचा ऊर भरून आला. तोंडावर चूक सांगणारा मेकॅनिक! "ठरलं!" ते ओरडले. "मला हाच माणूस पाहिजे!"

बायका हसल्या. मामांनी पुड्याचा दोरा सोडला. "मंग पोरीला बोलवा भायेर."

"पोरीला? तिला काय कळतंय इंजिनातलं?"

मामांनी पुडा परत मिटला. साळूबाई पुढं आली. "मंग तुम्ही आमची हीर काहून इचारली?"

तातेरावांनी सगळं नीट समजावून सांगितलं. दारू आणि बेअरिंग, राग आणि बोल्ट, विहीर आणि पार्ट. त्यांना स्वतःला ते फार मुद्देसूद वाटलं. पण सांगता सांगता अकराही तोंडं उतरत गेली, आणि सगळ्यात जास्त उतरलं बेबीनंदाचं. भारतचे कान लाल झाले. हात पुसत तो हळूच म्हणाला, "चला मामा. चूक आपलीच हाय."

"थांबा," दारातून आवाज आला. अक्षता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. अर्धा तास ती खिडकीतून पाहत होती. "एक इचारू? बॉनेट उघडायच्या आधी तुम्ही पापड एकेक करून सुपात काहून ठेवले? चादर धरून ओढली असती तरी चाललं असतं."

"वले व्हते," भारत म्हणाला. "एकमेकाला चिकटले असते."

अक्षतानं ट्रे खाली ठेवला. "बाबा, चौकशी तं तुम्ही केलीच हाय. त्याच्याहून जास्त कोण करणार? मला पसंत हायेत."

भारतनं पहिल्यांदा मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. साळूबाईनं बेबीनंदाचे हात धरले. तातेरावांना तर आभाळ ठेंगणं झालं. "वा वा! एका चौकशीत जावई बी आन् मेकॅनिक बी! म्हणलं न्हाई मी? माझा अंदाज चुकत न्हाई."

भारतनं घसा साफ केला. "काका, एक गोष्ट हाय. सोयऱ्याची गाडी मी हाती धरत न्हाई."

"खरं हाय त्याचं," मामा पडल्या आवाजात म्हणाले. "मी सख्खा मामा. माझी जीप दुरुस्तीला जालन्याला जाते."

"पण काहून?" तातेरावांनी विचारलं.

"सोयऱ्याला तोंडावर खरं सांगता येत न्हाई. आन् खरं सांगितल्याबगर मला काम जमत न्हाई."

या उत्तरानं तातेराव पुरतेच अडकले. असं बोलणारा मेकॅनिक दुसरा मिळणार नव्हता, आणि असं बोलणारा जावईही. त्यांनी गाडीकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. "मंग असं करू," ते चाचरत म्हणाले, "आधी इंजिन होऊ द्या, लग्नाचं पुढच्या साली..."

"अहो!" बेबीनंदा एवढंच म्हणाली, पण ते शेजारच्या गल्लीपर्यंत गेलं.

अक्षता भारतकडं वळली. "सोयऱ्याची करत न्हाई. होणाऱ्या बायकोची करसाल?"

भारतनं प्रामाणिकपणे विचार केला. "बायकोची करीन. बायकोला खरं सांगावंच लागतं."

"मंग बाबा, गाडी मला इका. भंगारवाला देतो त्याच भावानं घेते. फुकट नको, लोक हुंडा म्हणतील."

तातेरावांनी आधारासाठी चौफेर पाहिलं. अकराच्या अकरा माना होकारात हलत होत्या. बारावी बेबीनंदाची. त्यांनी खिशातून किल्ली काढली, थोडा वेळ मुठीत धरली आणि लेकीच्या हातावर ठेवली.

वैशाखात लग्न झालं. इंजिन लग्नाच्या आठ दिवस आधी तयार झालं होतं. हळदीच्या अंगानं अक्षता गाडीत बसली, शेजारी भारत, आणि पहिल्याच सेल्फला लाल गाडी सुरू झाली. रडारड झाली, पोरं मागं पळाली, आणि गाडी वळण घेऊन जालन्याच्या रस्त्याला लागली. सगळे मांडवात परतले तरी तातेराव रस्त्याच्या कडेला तसेच उभे.

बेबीनंदा डोळे पुसत मागून आली. "चला आता. पोर सुखात पडली. रडता काहून?"

"रडत न्हाई," तातेराव नाक ओढत म्हणाले. "आवाज ऐकून राह्यलो. चारी सिलिंडर बराबर वाजून राह्यलेत."

बेबीनंदालाही मग तो ऐकू आला. आवाज पार बंद होईपर्यंत दोघं तिथंच उभी राहिली.