कंपासची अक्षरं

लेकीने दोन वर्षं खपून अक्षरांचा एक फाँट तयार केला होता. सगळ्या रेषा एका जाडीच्या, सगळे गोल कंपासने काढल्यासारखे, नखरा कुठेच नाही. इस्पितळात, स्टेशनात, घाईत असलेल्या माणसाला चटकन वाचता यावा असा. सगळ्यांनी वाखाणला, एक बाबा सोडून. बाबांची उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली. ते म्हणाले, "स्वच्छ आहे. धुतलेल्या ताटासारखं. पण जेवण कुठंय?" तिला कौतुक हवं होतं ते नेमकं यांच्याचकडून.

फाँट लांबून कसा दिसतो ते बघायला तिने एक नमुना छापला आणि तळमजल्यावर उजेड बरा म्हणून लिफ्टशेजारी चिकटवला. 'लिफ्ट बंद आहे. जिन्याने जावे.' दहा पावलांवरून बघितला, पंधरा पावलांवरून बघितला, खूश झाली आणि कागद तिथेच विसरून वर आली.

दुसऱ्या दिवशी अख्खी इमारत जिना चढत होती. सेक्रेटरींना तर कागद इतका पसंत पडला की त्यांनी तो लिफ्टजवळच्या सूचनांच्या काचपेटीत लावला, कुलूप घातलं आणि किल्लीसकट गावाला गेले. पाचव्या मजल्यावरच्या कुणीतरी लिफ्टच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने लिफ्ट दोनदा वरखाली नेली. "चालतेय की," म्हणाला. मग त्याचं लक्ष पेटीकडे गेलं. "पण इथं लिहिलंय म्हणजे काहीतरी असणार." आणि बोलावणाऱ्याची सही घ्यायला तो पाचव्या मजल्यावर जिन्याने गेला.

लेक दारोदार सांगत फिरली. "काकू, अहो, तो माझा नमुना आहे. लिफ्टला काही झालेलं नाही."

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं. इतकं नीट लिहिलंय ते उगाच का? जपलेलं बरं."

शेवटी बाबांनी ब्रश बाहेर काढला. "हे कंपासचं काम नव्हे. हाताचं अक्षर माणसाशी बोलतं." त्यांनी फळीवर लाल रंगात, निळी सावली देऊन, झोकात लिहिलं, 'लिफ्ट चालू आहे', आणि ती पेटीशेजारी टांगली. लोक थांबले, "काय हात आहे," म्हणाले आणि जिना चढू लागले.

संध्याकाळी बाबा दूध आणायला गेले ते लवकर परत येईनात. पाचव्या मजल्यावरून लेक शोधायला उतरली, तर स्वारी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली, मांडीवर दुधाची पिशवी, एक हात गुडघ्यावर.

"बाबा, लिफ्ट चालू आहे."

"माहीत आहे."

"पाटी तुम्हीच रंगवलीत ना?"

"मीच रंगवली." बाबांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "पण शेजारी तुझा कागद होता. तो वाचला आणि पाय आपोआप इकडे वळले."

लेकीला इतका आनंद झाला की उरलेले दोन मजले तीही त्यांच्याबरोबर जिन्यानेच चढली.