नंबर डॉक्टरचा

या, असे जवळ येऊन बसा. मला तुम्हाला जरा बोलायचंच आहे. वरचा मोठा रस्ता झाल्यापासून तुम्ही आमच्या चौकावरून सुसाट निघून जाता, घोटभर चहालाही खाली उतरत नाही. मग आमचे भीमराव तुम्हाला भेटायचे कुठून?

भीमराव माझ्या खानावळीच्या मागेच राहतात. महिन्याच्या एक तारखेला ते टमटममध्ये बसायचे, तेव्हा मांडीवर लोकरीच्या दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी असायचं. बायका सरकून जागा द्यायच्या. एकदा एकीनं कौतुकानं विचारलं, "कुणावर गेलाय हो?"

"तिघांवर," भीमराव म्हणाले. आणि दुपट्याचं टोक उचलून आतला कार्बोरेटर दाखवला.

खोटं नव्हतं ते. खालापूरकडे एका बंद बंगल्याच्या आवारात तीन जुन्या विलायती स्पोर्ट गाड्या सडत पडल्या होत्या. बुटक्या, बिनटपाच्या, दोनच माणसं मावतील अशा. एक घेतली भीमरावांनी, रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले ते. दुसरी कर्जतच्या ओक डॉक्टरांनी, दातांचे डॉक्टर ते. तिसरी खालापूरच्या इसाकभाई गॅरेजवाल्यांनी. मग सहा वर्षं तिघं त्या गाड्या खरवडत, ठोकत, रंगवत बसले. डॉक्टर दातांच्या कोरणीनं गंज काढायचे आणि बॉनेट उघडताना गाडीला म्हणायचे, "जरा आ करा."

सगळं जमलं, कार्बोरेटर तेवढे कुजलेले निघाले. इंजिनाला पेट्रोल नि हवा कालवून भरवतो ना, तो भाग. तिन्हींतले बरे तुकडे जोडून जेमतेम एक तयार झाला. म्हणून एक महिना एकाच्या गाडीत, पुढचा महिना दुसऱ्याच्या. विलायतेहून आणखी दोन मागवायची चर्चा दर रविवारी व्हायची. मागवत कुणीच नव्हतं. रविवारी ज्याचा महिना तो गाडी चालवणार, एकजण शेजारी बसणार आणि उरलेला माझ्या बाकावर वडे खात, रस्त्याकडे बघत थांबणार. तिन्ही गाड्या चालू झाल्या असत्या, तर तिघं तीन गाड्यांत एकेकटे बसले असते. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

"नंबर कुणाचा?" हे भीमरावांचं पालुपद. एकदा फौजदार घाईघाईनं वड्यांसाठी पुढे घुसले, तर यांनी त्यांना हात करून मागे सारलं. "सायेब, नंबर त्या भाजीवालीचा हाय." फौजदारही निमूट मागे झाले.

गेल्या श्रावणात डॉक्टर गेले. झोपेतच. महिना त्यांचा होता, निम्माही सरला नव्हता. मुलगा परदेशातून आला, सगळं आवरून लगेच परतायचं होतं त्याला. गाडी लांबच्या एका गिऱ्हाईकाला देऊन टाकली. ट्रकवर दोर बांधले ते भीमरावांनीच. आणि कार्बोरेटर गाडीत तसाच गेला.

अहो, दोन बोल्ट काढले की सुटतो तो. मुलाला काही माहीत नव्हतं, सांगितलं असतं तर हसत दिला असता. इसाकभाई माझ्या खानावळीत येऊन भीमरावांपुढे उभे राहिले.

"भीम्या, पाना खिशात होता ना तुझ्या?"

"व्हता."

"मग?"

"महिना डॉक्टरचा हाय. संपला नाय अजून."

"डॉक्टर संपला रे. आणि पुढचा महिना माझा होता."

इसाकभाई निघून गेले. दोन गाड्या मुक्या झाल्या आणि दोन माणसंही.

मीही भीमरावांना फैलावर घेतलं. म्हटलं, नियम कुठवर पाळायचा याला काही सुमार? त्यांनी बशीतला चहा फुंकला. मग म्हणाले, "आक्का, ती परक्या गावी चाललेली. तिथं कुणी चावी फिरवली आन् ती बोललीच नाय, तर डॉक्टरनं सा वर्सं केलं काय, असं म्हनतील ना लोक."

मी उठले. वड्यांचं पीठ कालवायला आत गेले.

रविवारी दोघंही येतात अजून. भीमराव दाराशी बसतात, इसाकभाई पार आत, भिंतीकडे तोंड करून. पूर्वी एकजण थांबलेला असायचा, आता दोघंही थांबलेलेच. चहा ठेवला की भीमराव हळूच सांगतात, "त्याच्यात साखर नको घालू." मला का माहीत नाही इसाकभाईंची साखर? पण मी मान हलवते.

मधलं टेबल रिकामंच असतं. तुम्ही या ना एखाद्या रविवारी. तिथं बसा आणि मोठ्यानं काहीतरी विचारा, जुन्या गाडीला तेल कुठलं घालतात, काहीही. एकजण चुकीचं सांगेल आणि दुसऱ्याला राहवणार नाही. पण लवकर या हो. दोघांचीही वयं झालीत.