घोणसबाईंच्या अध्यक्षतेखाली काडतुसाची निवड

एका जंगलात, बालमित्रांनो, एक पायवाट होती. ती अस्वलांच्या गुहेपासून निघे आणि मोहाच्या झाडापाशी संपे. हे जंगल नेमके कोणत्या राज्यात होते, हे कथा सांगत नाही. आपणही विचारू नये. काही ठिकाणी हीच कथा अस्वलाऐवजी रानडुकराची म्हणून सांगतात. फरक किरकोळ आहे. नुकसान रानडुकराचेही तेवढेच होते.

आपल्या कथेतील अस्वलाचे नाव झिपरोबा. चैत्र लागला आणि मोहाची फुले गळू लागली. ही फुले वर्षातून एकदाच येतात, थोडेच दिवस टिकतात आणि अस्वलाला त्यांच्याहून प्रिय असे जगात काहीही नसते. झिपरोबा सकाळीच निघाला आणि अर्ध्या वाटेतून रिकाम्या हाताने परतला.

"फुलं कुठायत?" त्याची पत्नी केसरबाई हिने विचारले.

"वाटेत घोणस पसरलीय."

"मग बाजूनं जायचं."

"बाजूनं काय? शस्त्र लागेल, शस्त्र!"

घोणस हा जाड, सुस्त आणि अत्यंत विषारी साप होय. ती रागावली की कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. तेव्हा झिपरोबाचे भय निराधार होते, असे म्हणता येत नाही.

जंगलात काटेसाहेब नावाच्या साळिंदराचे शस्त्रांचे दुकान होते. पिस्तुलाची निवड तत्काळ झाली, कारण पिस्तूल एकच होते. काडतुसांचे मात्र दोन प्रकार होते. आणि जेथे दोन प्रकार असतात, तेथे विचारवंत जमतात.

"छर्‍याचं न्या," काटेसाहेब म्हणाले. "बारीक बारीक दाणे फाकतात. नेम चुकला तरी एखादा लागतोच."

"छॅ!" वरच्या फांदीवरून उड्डाणराव नावाचे माकड ओरडले. "झिपरोबाकाका, गोळी घ्या, गोळी! एकच, पण ठोस. छर्रे काय, लग्नातल्या अक्षता आहेत का?"

"आणि गोळी दगडावर आपटून उलटी आली म्हणजे?" काटेसाहेबांचे काटे उभे राहिले. "सापाचं डोकं केवढं, झिपरोबांचा नेम केवढा!"

"माझ्या नेमाला काय झालं?" झिपरोबा म्हणाला.

"तू साप मारलायस का रे कधी?" काटेसाहेबांनी माकडाला विचारले.

"नाही. पण मत आहे माझं."

वाद वाढला. त्या जंगलाची एक प्राचीन रीत होती. मतभेद झाला की वडाखाली सभा भरवायची आणि ज्याला विषयाचे सर्वाधिक ज्ञान असेल, त्याला अध्यक्ष करायचे. सापाविषयी सर्वाधिक ज्ञान कोणाला असणार? निष्कर्ष तर्कशुद्ध होता. उड्डाणरावांनी सुरक्षित फांदीवरून घोणसबाईंना निमंत्रण दिले आणि त्यांनी ते संकोचपूर्वक स्वीकारले.

सभा सुरू झाली. ती रोज सकाळी भरे आणि सूर्यास्ताला तहकूब होई. घोणसबाई वेळेवर येत, मधोमध वेटोळे घालून बसत आणि प्रत्येक वक्त्याचे म्हणणे जिभेने टिपून घेत. त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे त्यांना हात असता तर तो जेथे असता तेथे, झिपरोबा बसे.

"अध्यक्षांचं मत ऐकू या," अखेर कोणीतरी म्हणाले.

घोणसबाईंनी फणा नसलेली मान उंचावली. "दोन्ही बाजू विचारार्ह आहेत. छर्रे दहा पावलांवरून उडवलेत, तर मला गुदगुल्या होतील. दोन पावलांवरून उडवलेत, तर उत्तम. फक्त त्या अंतरावर माझाही नेम बरा असतो, एवढं लक्षात असू द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. असे निःपक्षपाती विवेचन त्या वडाखाली पूर्वी झाले नव्हते.

इकडे मोहाखाली हरणे आली, भेकरे आली, रानकोंबड्या आल्या. सगळी त्याच पायवाटेने आली. केसरबाई धावत सभेत शिरली.

"अहो, उठा! वाट मोकळी आहे. फुलं संपत चालली!"

"मोकळी कशी असेल? वाटेवर घोणस आहे," झिपरोबा दबक्या आवाजात म्हणाला.

"ती तुमच्या शेजारी बसलीय!"

"त्या अध्यक्षा आहेत. विषय सोडून बोलू नकोस."

"फुलं संपली की काय काडतुसं शिजवू?"

"छर्‍याची की गोळीची?" उड्डाणरावांनी उत्सुकतेने विचारले.

केसरबाईने कपाळावर पंजा मारला, पिल्लांना पुढे घातले आणि ती त्या मोकळ्या वाटेने सरळ मोहाकडे निघून गेली.

यथावकाश ठराव संमत झाला. पहिले काडतूस छर्‍याचे, दुसरे गोळीचे, तिसरे पुन्हा छर्‍याचे. म्हणजे कोणाचेच मन दुखावणार नाही. काटेसाहेबांनी आभार मानले. अध्यक्षांना श्रीफळ देण्यात आले. त्यांनी ते शेपटीत गुंडाळले आणि सभा संपल्यामुळे त्या घरी गेल्या. घर अर्थातच पायवाटेवर होते.

थोड्याच वेळात झिपरोबा पिस्तूल रोखून तेथे पोहोचला. मागून झाडाझाडांवरून उड्डाणराव येत होते.

"या, झिपरोबा," घोणसबाई म्हणाल्या. "छर्रे आधी भरलेत ना?"

"हो, बाई. ठरावाप्रमाणेच."

"छान. मग झाडा."

झिपरोबाने पिस्तूल खाली केले. "अध्यक्षांवर कसं झाडायचं, बाई? लोक काय म्हणतील?"

"मग जाऊ द्या. मला तरी कुठं वाट अडवायची होती? उन्हात अंग शेकत पडले होते." त्या बाजूच्या गवतात सरकल्या. सरकायला त्यांना, सुस्त असूनही, एक क्षण लागला.

झिपरोबा मोहाकडे धावला. झाडाखाली फूल नव्हते. केसरबाई आणि पिल्ले तृप्त होऊन पडली होती. शेंड्याला मात्र शेवटचा एक झुबका अजून लोंबत होता.

"अहो, तेवढी उरलीत. चढा पटकन!" केसरबाई म्हणाली.

"चढू कसा? हातात पिस्तूल आहे."

"मग खाली ठेवा ते!"

"भरलेलं पिस्तूल असं कुठंही ठेवतात का?" झिपरोबा म्हणाला. त्याने थोडा विचार केला. मग एक डोळा मिटून त्याने शेंड्यावरच्या झुबक्यावर नेम धरला.

"थांबा, काका!" उड्डाणराव किंचाळले. "फुलांसाठी छर्रे चालतात का, ते ठरलंय कुठं?"

झिपरोबाचे बोट थबकले. पोटात भुकेचा खड्डा पडला होता. तरीही, बालमित्रांनो, त्याने पिस्तूल खाली घेतले.

"खरं आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "घाई नको. फुलांची माहिती सगळ्यात जास्त कुणाला?"

सर्वांनी झाडापाशी रेंगाळलेल्या हरणांकडे पाहिले. हरणे नम्रपणे पुढे आली. आणि सभेची तयारी होईपर्यंत त्यांनी शेंड्यावरून गळलेला तो झुबकाही खाऊन टाकला.

तात्पर्य : वाटेवरील सापाला मारू नये, त्याला अध्यक्ष करावे, वाट आपोआप मोकळी होते. मात्र त्या सभेला आपण स्वतः उपस्थित राहू नये.