इसाराची दमणी

उकंडराव सुताराने बायकोला दमणीत बसवायचं ठरवलं तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण अनसिंगात पुढे कितीतरी दिवस कुणाला ते खरं वाटलं नाही.

पडदे लावलेली ती हलकी बैलगाडी त्याचीच होती, म्हणजे त्याने बनवलेली होती. आणि त्याची नव्हती, कारण तिचा इसार घेतलेला होता. मंगरूळकडच्या दौलतरावाने कधीकाळी इसार दिला, ‘दिवाळीले येतो, घेऊन जातो’ म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. दिवाळ्या येत राहिल्या, दौलतराव आला नाही.

दुसरा कुणी दमणी विकून मोकळा झाला असता. पण इसार घेतला की वस्तू परक्याची, हा उकंडरावचा धर्म. दर पोळ्याला तो कण्याला वंगण घाले, उन्हाळ्यात वर कपाशीच्या पराट्यांची सावली करी, आणि कोंबडी आत शिरली तर तिलाही ‘दौलतरावची दमनी हाय, उतर’ असं बजावून खाली उतरवी. स्वतः कधी आत टेकला नाही, बायकोलाही टेकू दिलं नाही.

आणि बायकोचा सारा जीव त्या दमणीत! सोजरबाईचं माहेर आसेगाव. लग्न झालं तेव्हा ती माल वाहायच्या खाचरात, कडब्याच्या पेंढ्यांवर बसून सासरी आली होती. पुढे माहेरी गेली ती पायी, नाहीतर कुणाच्या सरकीच्या गाडीत. एकदा तरी दमणीत बसून, पडदा जरासा सारून, आसेगावच्या वेशीतून आत जावं आणि मायने दारात उभं राहून ते पाहावं, एवढंच तिला हवं होतं. संध्याकाळी ती अंगणात दमणीच्या चाकाला टेकून बसे (चाकाला टेकायला उकंडरावची हरकत नव्हती) आणि आसेगावच्या वाटेकडे बघत राही. बघता बघता डोळे भरून येत. उकंडरावला वाटे, धूर लागला.

इच्छा फार दिवस मनात दाबली की ती कुठूनतरी बाहेर पडते. एका भाऊबीजेला सोजरबाई माहेरी बोलून गेली, “आमच्या घरी दमनी हाय.” (यात खोटं काय? घरी होतीच!) मायने ते आसेगावभर केलं. आणि यंदा मायचा निरोप आला, ‘डोये गेले माहे आता, दिसत नाही. तुह्या दमनीले हात तरी लावू दे.’

त्या दिवशी सोजरबाई भाकरीचं पीठ परातीत तसंच ठेवून चुलीपुढे बसून राहिली. उकंडरावला भूक लागली होती, म्हणून ते त्याच्या लक्षात आलं.

“काय झालं वं?”

“काई नाई. मायचे डोये गेले. मी पायी जाऊन येते.”

उकंडरावने पागोटं काढून डोकं खाजवलं. “मी काय म्हन्तो, दमनी लय दिवसाची उभी हाय. उद्या दौलतराव आला अन् कना मोडला तं? एकडाव चालवून पाहा लागते.”

“मंग चालवा.”

“रिकामी चालवून समजत नाही. वजन पाह्यजे.”

“कायचं वजन?”

“तू. तू वजन.”

नवऱ्याने वजन म्हटल्यावर इतकी हरखलेली बायको वऱ्हाडात दुसरी झाली नसेल. तिने पेटीतलं हिरवं लुगडं काढलं. उकंडरावने शेजारच्या रामरावचे बैल मागून आणले, लग्नातला कोट चढवला आणि धुरेवर बसला. तोही अर्धाच टेकून, कारण इसाराचा मान राखायला हवा.

आसेगावच्या वेशीवरचा लिंब दिसायला लागला आणि सोजरबाईने पडदा जरासा सारला. तेवढ्यात समोरून बैलजोडी घेऊन एक माणूस पायी आला.

“राम राम! कोनत्या गावचे?”

“अनसिंग.”

“मी तिकडंच जाऊन राह्यलो. उकंडराव वाढई घरी असंन का?”

मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण माणूस दौलतरावच होता. कोटातला सुतार मात्र त्याला ओळखू आला नाही.

“घरी नाही,” उकंडराव म्हणाला. (हे अगदी खरं होतं.)

“मंग ओट्यावर वाट पाहीन. माही दमनी हाय त्याच्याकडं.” दौलतरावाने चाकावरून हात फिरवला. “हुबेहूब अशीच सांगतली होती. तुमची कोनं बनवली?”

“माह्या सासऱ्यानं.” (सासऱ्याने जन्मभर वांगी लावली होती.)

पडद्याआडून सोजरबाईने विचारलं, “भाऊ, मंग इतके दिवस काहून नाही नेली?”

“काय सांगू बाई! त्या साली बैल मेला. पुढच्या साली घरात दुखनं. मंग लाजच वाटे, आता कोनत्या तोंडानं जाऊ? घरवाली म्हने, माहेरी जाईन तं दमनीतच. मी म्हनो, येते, येते. आता तिचे गुडघे गेले. रातदिन म्हन्ते, एकडाव माहेरचं आंगन दाखवा.”

सोजरबाईने वेशीवरच्या लिंबाकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि ती खाली उतरली.

“भाऊ, हेच उकंडराव. अन् हीच तुमची दमनी. न्या, बसवा तिले.”

धरणीने पोटात घ्यावं असं उकंडरावला झालं. “तपासनी!” तो ओरडला. “तपासनी करून राह्यलो होतो! वजन घालून!”

दौलतरावाने त्याच्या कोटाकडे पाहिलं, मग हिरव्या लुगड्याकडे. “बाई, कुठं चालल्या होत्या?”

“आसेगावले. मायकडं.”

“मंग बसा. आता दमनी माही हाय ना? कोनाले बसवाचं ते मी पाहीन. पह्यली सवारी माहेरवाशिनीची.”

त्याने आपले बैल जुंपले आणि धुरेवर बसला. आत सोजरबाई. रामरावचे बैल मात्र परत न्यायला हवेतच, म्हणून उकंडराव ते हाकत मागून धूळ खात निघाला.

आसेगावच्या वेशीतून दमणी आत गेली तेव्हा पोरं पुढे धावली, बाया दारात आल्या. मायने चाकाला हात लावला, पडदा चाचपला, मग लेकीचं तोंड.

“बसून आली ना वं?”

“बसून आली, माय.”

दोघी गळ्यात पडून रडल्या. मग मायने धुरेवर चाचपडत दौलतरावाच्या पागोट्यावर हात ठेवला. “जवाईबापू, सोन्यासारखं केलं तुमी. माह्या लेकीची हौस पुरवली.” दौलतराव नाही-नाही म्हणत असतानाच मागे बैलांच्या घंटा आणि वहाणांची फरफट ऐकू आली.

“अन् हे मांगून पायी कोन आलं?”

सोजरबाईने डोळे पुसले आणि धुळीने पांढऱ्या झालेल्या नवऱ्याकडे एकवार पाहिलं.

“ते व्हय? ते वजन हाय, माय. रस्त्यात उतरवलं.”