मास्तरांचे उपाशी साहेब

उपाशी साहेबाला गव्हाळ रंग देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहायचा. दामूमास्तर. केडगावात आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या टर्पेंटाइनचा वास माझ्या आमटीला बारा महिने यायचा.

मास्तर ड्रॉइंगचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नाही. नगरच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या चित्रकारांनी तिथल्या गरिबीवर काढलेली टिंगलीची चित्रं. टिंगल गरिबांची नव्हे, त्यांना गरीब ठेवणाऱ्यांची. एका चित्रात जमीनदार आपल्या गड्याला जेवणाआधी आणि जेवणानंतर तराजूत घालून बघतोय. दुसऱ्यात एक अख्खं कुटुंब खाटकाच्या दुकानासमोर उभं राहून नुसता वास घेतंय, तर तो वासही फुकट जाऊ नये म्हणून खाटीक खिडकी लावून घेतोय. ही चित्रं मास्तर मांजरपाटावर मोठी करून हातानं रंगवत. पेन्सिलीनं चौकटी आखायच्या आणि एकेक रेघ मोजून उतरवायची. दहा वर्षं हा उद्योग चाललेला.

पुस्तकातली चित्रं काळी-पांढरी होती. मास्तर म्हणायचे, "रेघ पुस्तकाची, रंग माझा." मग जमीनदार गुलाबी, त्याची बायको गुलाबी, कुत्रंसुद्धा गुलाबीकडे झुकलेलं. गडी मात्र आपल्या इकडच्यासारखा उन्हानं रापलेला. मी म्हटलं, अहो मास्तर, हाही विलायतेतलाच ना? ब्रश थांबवून म्हणाले, "बाई, उपाशी गोरा मी पाहिलेला नाही. न पाहिलेला रंग कुठून आणू?" कपाळ माझं!

खाटकाकडे टांगलेल्या तंगडीचंही तेच. मास्तर माळकरी, खाटकाच्या गल्लीतून कधी गेले नाहीत. त्यांनी आपल्या समजुतीनं रंगवलेली ती तंगडी थेट रताळं दिसायची. येणारा-जाणारा विचारायचा, या साहेबलोकांची एकादशी आहे का हो? मास्तर चिडायचे नाहीत. त्याला खाली बसवून अर्धा तास चित्र समजावून सांगायचे. पुढच्या वेळी तो माणूस वाट वाकडी करून जायचा, तो भाग वेगळा.

बहात्तरच्या दुष्काळात नगरला चित्रांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. जुन्या चित्रांच्या हुबेहूब प्रतींचा त्यात वेगळा विभाग होता. सहा चित्रं पाठवायची, मूळ पुस्तक शेजारी ठेवायचं आणि मुंबईचे परीक्षक रेघ न् रेघ ताडून पाहणार. तरुणपणी मुंबईच्या एका चित्रशाळेनं मास्तरांना दारातूनच परत पाठवलं होतं. हातात कसब नाही म्हणाले होते. ते शब्द मास्तर चाळीस वर्षं उराशी धरून बसलेले. प्रदर्शनाचा फॉर्म मीच भरला, मास्तरांनी नुसती सही केली.

पाच चित्रं तयार होती. घोडं अडलं सहाव्यावर. त्यात चर्चच्या दारात एक भिकारीण म्हातारी उभी आहे आणि दोन श्रीमंत तिची भूक फूटपट्टीनं मोजतायत. पुस्तकात नेमका तिचा चेहरा कसरीनं खाल्लेला. अंदाजानं काढा की, मी म्हटलं. छे! मास्तर उठले आणि पुणे रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फुटत होती तिथे गेले.

तिथे पाथर्डीकडची हौसाबाई खडी फोडायची. गावाकडे कुणी नाही म्हणून आईला बरोबर आणलेली. म्हातारी गोणपाटाच्या सावलीत बसून असायची. मास्तर तीन आठवडे रोज दुपारी किटलीत चहा घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले. चहा पाणचट असतो, अशी म्हातारीची रोज तक्रार. मास्तर दुसऱ्या दिवशी पत्ती वाढवून माझ्याच चुलीवर उकळायचे. चित्रात तिचा चेहरा मात्र असा उतरला की बघत राहावं. डोक्यावर पुस्तकातली झालरीची टोपी आणि खाली आपली म्हातारी.

मग एकाएकी तापानं म्हातारी गेली. दोन दिवसांत संपली.

गुरुवारी चित्रं न्यायला टेम्पो येणार होता. बुधवारी दुपारी हौसाबाई माझ्या दारात उभी, चित्रवाले मास्तर कुठं राहतात विचारत. मी तिला घेऊन गेले. ती चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"आईच हाय," ती म्हणाली. "पर डोक्यावर ह्ये काय घातलंय?"

तिकडे अशीच टोपी घालतात, असं मी समजावलं. तिनं मान हलवली.

"उभ्या जल्मात तिनं डोक्यावरचा पदर पडू दिला न्हाई. तेवढं काढता का, मास्तर? तिचा फोटू न्हाई आमच्याकडं."

मी घाईनं मध्ये पडले. म्हटलं, प्रदर्शन होऊ दे, मास्तर तुला दुसरं काढून देतील. तर उद्या सकाळी हौसाबाईची खडी फोडणारी टोळी कोपरगावकडे निघणार होती. मी तरीही आज नको, आज नको करत राहिले. त्याची मला अजून लाज वाटते.

मास्तरांनी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. लुगडं कोणत्या रंगाचं होतं, विचारलं. जांभळं, पण इटलेलं, हौसाबाई म्हणाली. विटायच्या आधीचं काढू का, मास्तरांनी विचारलं. तिनं हो म्हटलं. टोपी गेली, पदर आला. फूटपट्टीवाले श्रीमंतही रंगाखाली गेले. हौसाबाई मागे जमिनीवर बसून बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "गाल वाईच भरता का? ह्या सालातच बसले. आदी आसे नव्हते."

दहा वर्षांत पुस्तकातली एक रेघ इकडची तिकडे न केलेल्या त्या माणसानं म्हातारीचे गाल भरून दिले. मला तिथे उभं राहवेना. डोळे पुसत मी ओट्यावर येऊन बसले.

ओलं चित्र दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून हौसाबाई गेली. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि रिकामा गेला. पाच चित्रं ते घेणार नव्हते. फॉर्म मी भरलेला, म्हणून राग माझाच जास्त. मास्तर ब्रश धूत होते, मी तिथे जाऊन ताडताड बोलले. म्हटलं, चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं एका दुपारीत घालवलंत.

मास्तरांनी धुतलेला ब्रश फडक्याला पुसला.

"बाई," ते म्हणाले, "मी दीड वर्षाचा असताना माझी आई गेली. ती कशी दिसायची ते मला ठाऊक नाही. कुणी तिला अशी चित्रात उभी करून ठेवली असती ना, तर मी टोपीसकट घेतली असती."