डाग आहे तोवर नाव

ॲप बनवायला असं काय लागतं, हा प्रश्न दाजींनी बुधवारी सकाळी साबणाचे हात झटकत विचारला आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं.

"काही लागत नाही. संध्याकाळपर्यंत बनवून ठेवतो!"

दाजी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लाँड्रीचे मालक. खरं तर ते दाजी फक्त मेहुण्याचे. पण मेहुणा दुकानात वेळी-अवेळी यायचा आणि रस्त्यापलीकडूनच हाक मारायचा, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना दाजी म्हणू लागली. त्याच हिशेबाने त्यांची बायको सगळ्यांची ताई झाली. दुकान दोघं मिळून चालवत. धुणं आणि डाग दाजींकडे, इस्त्री आणि गिऱ्हाईक ताईंकडे, आणि बढाया मारण्याचं खातं पुन्हा दाजींकडे.

त्या दिवशीच्या बढाईला मात्र कारण होतं. कोपऱ्यावर नवी मोठी लाँड्री उघडली होती. काचेचं दार, आत गारेगार हवा आणि मुख्य म्हणजे ॲप. मोबाइलवर बोट टेकवलं की माणूस दारात येऊन कपडे घेऊन जायचा. दाजींची नेहमीची गिऱ्हाइकं हळूहळू तिकडे वळली. दुकानासमोरून जाताना त्यांना नेमकी बुटाची नाडी बांधायची आठवण व्हायची. चपला घातलेलेही वाकून जात.

मग एक दिवस त्या मोठ्या लाँड्रीचा मॅनेजर स्वतः आला. त्याचं म्हणणं साधं होतं. तुमच्या दुकानावर आमचा बोर्ड लावा, तुम्ही फक्त गठ्ठे गोळा करा, धुलाई आम्ही करू. ज्या माणसाने लोकांचे कपडे पांढरे करता करता स्वतःचे केस पांढरे केले, त्याला गठ्ठे गोळा करायला सांगणं म्हणजे स्वयंपाक्याला ताटं पुसायला बसवणं. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्यांनी रागात बुडवलं. शनिवारपर्यंत माझी गिऱ्हाइकं परत आली नाहीत तर बोर्ड घेऊन या, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मॅनेजरने शांतपणे बोर्डाचं माप घेतलं आणि तो गेला.

मेहुण्याला हे कळताच तो मित्राच्या कंपनीला घेऊन हजर झाला. कंपनी म्हणजे टाय लावलेला एक माणूस आणि एक लॅपटॉप. त्याने इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून रंगीत चित्रं दाखवली आणि शेवटी आकडा सांगितला. त्यात दुकानही मिळणार का, असं दाजींनी विचारलं. ताईंनी भावाला लॅपटॉप उचलायला सांगितलं, कारण टेबलावर चादरी घ्यायच्या होत्या.

शेवटी दाजींनीच इंटरनेटवर एक तयार साचा शोधून काढला. दुकानाचं नाव टाका, रंग निवडा, फोटो चिकटवा, झालं ॲप. महिन्याचं भाडं ब्लीचच्या खर्चाहून कमी. साचा तसा उदार होता. त्याला गुण द्यायचे होते, बक्षिसं द्यायची होती, गिऱ्हाइकांना कोडीसुद्धा घालायची होती. दाजींनी सगळ्याला नकार दिला. गिऱ्हाइकाला तीनच गोष्टी बोलायच्या असतात, ते म्हणाले. कपडे न्यायला या, झाले का, आणि हे काय करून ठेवलंत. तेवढीच तीन बटणं त्यांनी ठेवली. इथपर्यंत दाजींची अक्कल अगदी जागेवर होती हे मान्य करायला हवं.

पुढे साच्याने गिऱ्हाइकांचे नंबर मागितले. ते मोबाइलमध्ये होतेच. मग नावं मागितली. नावंही होती, पण ती लाँड्रीतली नावं होती. लाँड्रीवाला माणसाला तोंडावरून ओळखत नाही, कपड्यावरून ओळखतो. दवाखान्याचे डॉक्टर दाजींच्या लेखी 'खिशात चॉकलेट' होते. शाळेच्या मुख्याध्यापिका 'बाहीला नाक' होत्या. बँकेचे साहेब 'पोटाचं बटण' होते, कारण त्यांच्या प्रत्येक शर्टाचं तेवढंच बटण उडायचं. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीत हीच नावं असत आणि त्यामुळे आजवर एकही कपडा हरवला नव्हता. दाजींनी ती नावं जशीच्या तशी चढवली. गिऱ्हाइकाला नावाने हाक मारली तर त्याला आपुलकी वाटते, असा सल्ला साच्याने दिला होता. तो दाजींना फार पटला.

संध्याकाळी ते शनिवारसाठी स्वतःचा पांढरा सदरा इस्त्री करत होते. मॅनेजरसमोर उभं राहायचं तर तो कडक हवा. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात मोबाइल. आमचं ॲप घ्या, असा निरोप सगळ्या गिऱ्हाइकांना धाडायला त्यांनी 'पाठवा' या बटणावर बोट टेकवलं आणि ते मोबाइलकडे बघतच राहिले. निरोप गेला. गल्लीभर मोबाइल वाजले. आणि दुकानात जळका वास सुटला.

सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीची अख्खी आकृती उमटली होती. ताईंनी आधी इस्त्री उचलली, मग मोबाइल उचलला, निरोप वाचला आणि खुर्चीत बसल्या.

"अहो, तुम्ही डॉक्टरांना 'नमस्कार, खिशात चॉकलेट' असं पाठवलंय?"

"नावाने हाक मारली की आपुलकी वाटते," दाजी म्हणाले, पण त्यांचा आवाज सदऱ्यासारखाच करपला होता.

तेवढ्यात मोबाइल वाजायला लागला तो थांबेना. तक्रार करायची तर तक्रारीचं बटण हवं, बटण हवं तर ॲप घ्यायला हवं. जो तो तणतणत ॲप उतरवून घेत होता. ज्यांना तेवढाही धीर नव्हता ते चालत आले.

पहिले आले डॉक्टर. हा निरोप त्यांनी पेशंटसमोर उघडला होता, आणि त्या पेशंटला ते नुकतंच गोड बंद करा म्हणून दरडावून चुकले होते. त्यांच्यामागून मुख्याध्यापिका बाई आल्या. शिक्षकांच्या खोलीत मोबाइल टेबलावर राहिला होता आणि निरोप सगळ्यांनी वाचला होता. बँकेचे साहेब आले ते फाईल पोटाशी धरून. नाव ताबडतोब बदला, असं तिघंही एकदम बोलत होते.

दाजी घाबरले होते. पण डॉक्टरांच्या अंगातल्या कोटाकडे त्यांची नजर गेली आणि त्यांची भीती पळाली. खिशावर चॉकलेटचा डाग तसाच होता. वर कडक इस्त्री होती, आणि काजात मोठ्या लाँड्रीची चकचकीत चिठ्ठी: डाग निघणार नाही.

"डॉक्टरसाहेब, यांनी डागावरच इस्त्री फिरवली? डागासकट भाजला कोट?" दाजी कळवळून म्हणाले. "नाव बदलणं माझ्या हातात नाही. डाग आहे तोवर नाव आहे. डाग गेला की नाव गेलं. काढा कोट."

त्या आवाजात असं काही होतं की डॉक्टरांनी निमूट कोट काढला. दाजींनी डागावर ग्लिसरीन चोळून तो मुरू दिला, मग उलट्या बाजूने पाणी सोडलं, मग साबण, आणि पुन्हा तेच. गर्दी आपली तक्रार विसरून बघत राहिली. खिसा पांढरा निघाला तेव्हा बँकेच्या साहेबांनी टाळी वाजवली आणि पोटाचं बटण टणकन उडून बादलीत पडलं. ताईंनी ते तिथल्या तिथे दुहेरी दोऱ्याने शिवलं आणि दोघांची नावं लगेच बदलली. डॉक्टरांच्या मोबाइलवर आलं, 'नमस्कार, शुभ्र कोट'. ते चार वेळा वाचून हसत घरी गेले, बहुतेक तो पेशंट शोधायला.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी माणसं डागाळलेले कपडे शोधून शोधून आणू लागली. मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्या बाह्या आणल्या. 'न्यायला या' हे बटण इतकं वाजलं की दाजींना सायकलवर थैल्या बांधून फेऱ्या माराव्या लागल्या. भांडण झालं ते एकच. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ तावातावाने आले, की मला नुसतं 'ग्राहक' का म्हटलंय? त्यांचे कपडे स्वच्छ असायचे, त्यात दाजींचा काय दोष? ते घरी गेले आणि खास नवा शर्ट कॉफीत बुडवून घेऊन आले.

शनिवारी मॅनेजर बोर्ड घेऊन आला तेव्हा रांग दुकानाबाहेर फुटपाथवर गेली होती. त्याने आत शिरायचा प्रयत्न केला तर लोकांनी त्याला रांगेत मागे उभं केलं. बोर्ड बगलेत धरून तो पुढे पुढे सरकत राहिला. टेबलाशी पोचला तोवर उकाड्याने त्याने कोट काढला होता आणि शर्टाची पाठ सगळ्यांना दिसली. समोरून कडक, मागून नुसता चुरगळा. कोटाखाली कोण बघतो, असा कोपऱ्यावरच्या धुलाईचा हिशेब.

"नंबर सांगा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी नाव टाकलं, 'अर्धी इस्त्री'. मॅनेजरने खिशात वाजलेला मोबाइल बघितला. मग बोर्ड भिंतीला उलटा टेकवून ठेवला आणि शर्ट कधी मिळेल ते विचारलं.

दाजींना भरून आलं. दुकान राहिलं होतं, नाव राहिलं होतं, धुलाई त्यांचीच राहिली होती. मेहुणा दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की ॲपची कल्पना मूळ त्याचीच. दाजींनी त्यालाही माफ केलं. गर्दीकडे तोंड करून ते ॲप कसं बनवायचं यावर भाषण देऊ लागले. मोठ्या कंपन्यांची गरज नाही, साचा घ्या, बटणं कमी ठेवा आणि आपल्या गिऱ्हाइकाला ओळखा.

भाषणाच्या ऐन रंगात त्यांचा स्वतःचा मोबाइल वाजला. ताईंनी त्यांनाही गिऱ्हाइकांत घेतलं होतं. निरोप होता, 'नमस्कार, जळका सदरा'.

दाजींनी पटकन सदऱ्याची जळकी पाठ भिंतीकडे वळवली आणि गुपचूप तक्रारीचं बटण दाबलं. ताईंनी टेबलामागून मानही वर न करता उत्तर धाडलं.

'हा डाग निघत नाही.'